‘व्हिजिलांटी’ आणि आपला जागल्या

कोल्हापूरच्या आसपासच्या गावांत चोर फिरत असल्याची आवई उठली की पोरं काठ्या घेऊन रात्रभर गस्त घालतात. इथवर ठीक आहे. पण एखादा परका सापडला आणि जमावानंच त्याचा निवाडा केला, की इंग्रजी बातमीत शब्द येतो ‘व्हिजिलांटी’. मराठीत आपण ‘स्वयंघोषित रक्षक’ म्हणतो.

मूळ शब्द स्पॅनिश, अर्थ साधा पहारेकरी. त्यामागे जागं राहणं या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. त्याला आजचा रंग चढला तो अमेरिकेत. 1848 मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, सॅन फ्रान्सिस्कोत माणसांचा लोंढा आला. पोलीस आणि न्यायालयं कुचकामी म्हणत व्यापाऱ्यांनी 1851 मध्ये ‘दक्षता समिती’ काढली आणि चौघांना फाशी दिली. 1856 मध्ये समिती पुन्हा उभी राहिली, पुन्हा चौघं फासावर गेले.

आपल्याकडेही जागण्यावरूनच शब्द झाला, जागल्या. पण तो स्वतःहून उठलेला नव्हता, गावानं नेमलेला होता. चोरी झाली की माग काढत शिवेपर्यंत जायचं. माग पुढच्या गावात गेला तर जबाबदारी त्या गावच्या जागल्यावर. गावातच विरला तर भरपाई याच्या गळ्यात. शिक्षा करणं त्याचं काम नव्हतं. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

रामोशी, बेरड हे पिढीजात राखणदार. इंग्रजी अमलात अशा कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला, अधिकाऱ्यांपुढे रोज हजर राहण्याची सक्ती, म्हणजे हजेरी, मागे लागली. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये कोल्हापूर संस्थानात ही हजेरी बंद केली. ज्यांच्याकडे लोक चोर म्हणून पाहत, त्या फासेपारध्यांना त्यांनी कोल्हापूरजवळच्या आपल्या सोनतळी कॅम्पवर पहाऱ्याचं काम दिलं.

तरी भटक्यांवरचा संशय गेला नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागून जगणारे.

कायदा नागरिकाला थोडासा अधिकार देतो. डोळ्यांदेखत गंभीर, अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही असा) आणि दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा घडला तर कुणीही गुन्हेगाराला धरू शकतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम 40 नुसार त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं.