जिवंत माती

जिवंत माती म्हणजे जिच्यात जिवाणू, बुरशी, गांडुळं अशी सगळी वस्ती नीट नांदतीये अशी शेतजमीन. नुसता एनपीकेचा, म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद, पालाश या अन्नद्रव्यांचा रिपोर्ट बघून ती ओळखता येत नाही. चांगल्या मातीत ढोबळमानाने निम्मा भाग घन असतो आणि उरलेला निम्मा चक्क पोकळी, त्यात हवा आणि पाणी, आणि खरी गंमत त्या पोकळीतच आहे कारण मुळं तिथेच श्वास घेतात, पाऊस तिथूनच मुरतो.

ही पोकळी टिकवतं कोण? मुळं साखरेसारखे पदार्थ बाहेर सोडतात, ते खाऊन जिवाणू चिकट द्राव बनवतात, बुरशीचे धागे कण बांधून धरतात आणि मातीचा रवा तयार होतो. खात्री करायचीये तर वाळलेलं ढेकूळ जाळीवर ठेवून ग्लासभर पाण्यात बुडवा. जिवंत मातीचं ढेकूळ बराच वेळ तसंच राहतं, सारखं नांगरून थकलेल्या मातीचं बघता बघता फुटतं आणि पाणी गढूळ होतं. शेतात पावसातही हेच घडतं, वर पापडी धरते, पाणी वाहून जातं, मग थोडी उघडीप पडली तरी पीक माना टाकतं.

नांगरट इथे फसवते. हवा खेळली की सूक्ष्मजीव साठवलेला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातून मातीत साठलेला कार्बन) भराभर खातात, नत्र मोकळं होतं, त्या वर्षी पीक जोमदार दिसतं आणि आपल्याला वाटतं नांगर मानवला, पण ते बचत मोडून खाणं असतं. अमेरिकेच्या मैदानी भागात 1930 च्या दशकात गवत मोडून उघडी केलेली जमीन दुष्काळात धुळीची वादळं होऊन उडाली, तेव्हा कुठे 1935 मध्ये तिथे मृदसंधारणाचा कायदा आला.

उपाय तसे माहितीतलेच: जमीन झाकलेली ठेवा, नांगरट कमी, पिकांची फेरपालट, मधे ताग-चवळीसारखं हिरवळीचं खत. मात्र गव्हाचा काड कच्चाच मातीत गाडू नका. त्यात कर्ब-नत्राचं प्रमाण साधारण 80:1, जिवाणूंना लागतं 24:1 च्या आसपास, मग कमी पडलेलं नत्र ते मातीतून उचलतात आणि पीक पिवळं पडतं. तोच काड वर आच्छादन म्हणून पसरला तर हा त्रास फारसा होत नाही.

कर्ब वाढायला वर्षं लागतात, त्यामुळे परीक्षणाचा नमुना दरवेळी त्याच जागेचा, तेवढ्याच खोलीचा आणि त्याच हंगामातला घ्या, नाहीतर आकडे जुळवून काही कळत नाही.