रंगाच्या हौदातले ऑक्सिडीकरण

ऑक्सिडीकरण म्हटले की बहुतेकांना गंजलेले लोखंड आठवते. सोलापूरसारख्या चादरी आणि टॉवेलांच्या शहरात मात्र या अभिक्रियेची ओळख सूत रंगवण्याच्या हौदापासून करून घेणे अधिक योग्य ठरेल, कारण तिथे ती वस्तू खराब करत नाही, तर पक्की करते.

सुती धाग्यासाठी वापरले जाणारे व्हॅट रंग मुळात पाण्यात विरघळत नाहीत आणि म्हणूनच धाग्यात शिरत नाहीत. त्यावर उपाय म्हणून हौदात कॉस्टिक सोडा आणि हायड्रोसल्फाइट घालतात. हायड्रोसल्फाइट रंगाच्या रेणूला इलेक्ट्रॉन देते, म्हणजेच त्याचे क्षपण करते. असा रेणू अल्कधर्मी पाण्यात विरघळतो आणि धाग्यात खोलवर पोहोचतो. या अवस्थेत मूळ रंग ओळखूही येत नाही: नीळ असेल, तर हौदातले पाणी पिवळट हिरवे दिसते. सुताची लडी बाहेर काढून हवेत धरली की ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन परत काढून घेतो, म्हणजेच रंगाचे ऑक्सिडीकरण करतो, लडी डोळ्यांदेखत निळी होत जाते आणि पुन्हा अविद्राव्य झालेला रंग धाग्यातच अडकून पडतो. धुतल्यावर तो सहजासहजी का निघत नाही, याचे उत्तर इथे आहे.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी 18व्या शतकात ज्वलन म्हणजे ऑक्सिजनशी संयोग, हे दाखवून दिले आणि ऑक्सिडीकरणाची व्याख्या दीर्घकाळ तेवढीच राहिली. 1897 मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधल्यानंतर ती व्यापक होत गेली: इलेक्ट्रॉन गमावणे म्हणजे ऑक्सिडीकरण. क्लोरीन वायूत सोडिअम जळून मीठ तयार होते, तेव्हा ऑक्सिजनचा लवलेशही नसतो. तरी सोडिअमचे ऑक्सिडीकरण झालेलेच असते. गमावलेला इलेक्ट्रॉन कोणीतरी घेतोच, त्यामुळे क्षपण नेहमी सोबत असते. माझ्या मते शाळेत हे दोन धडे वेगळे शिकवूच नयेत.

सोलापूरच्या शेंगाचटणीत मात्र हीच हवा नकोशी होते. दाणे भाजून कुटल्यावर त्यांतले तेल हवेला उघडे पडते. तेलातील लिनोलिक आम्लासारख्या असंतृप्त मेदाम्लांशी ऑक्सिजनचा संयोग होऊन पेरॉक्साइडे तयार होतात आणि ती फुटून निर्माण होणाऱ्या अल्डिहाइडांमुळे चटणीला खवट वास येतो. उष्णता आणि प्रकाश या साखळीला वेग देतात. म्हणून उन्हाळ्यात चटणी घट्ट झाकणाच्या, काठोकाठ भरलेल्या डब्यात आणि शक्यतो फ्रीजमध्ये ठेवावी.