चखणा

चखणा : उपाहारगृहात ऑर्डर येण्याआधी टेबलावर आपणहून आणून ठेवलेले, बिलात न लागणारे खाणे. ‘चाखणे’शी नाते सांगणारा हा शब्द बोलण्यात सर्रास ‘चकणा’ होतो. तिरळेपणाशी त्याचा संबंध नाही. मूळ मुक्काम परमिट रूम. १९४९च्या मुंबई दारूबंदी अधिनियमामुळे पिणाऱ्यालाही परवाना लागू लागला, तिथून ‘परमिट रूम’ हे नाव आले. फॅमिली रेस्टॉरंटात चखणा म्हणणे बरे दिसत नाही, म्हणून तिथला कॅप्टन ‘कॉम्प्लिमेंटरी आहे, सर’ म्हणतो.

ठाण्यात घोडबंदर रोडला बसा नाहीतर वाशी-नेरूळला, थाट साधारण एकच. एका वाटीत खारे शेंगदाणे, दुसरीत उकडलेले चणे आणि त्यांवर बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची. शेजारी काकडी-गाजराच्या चकत्या. चण्यांवर लिंबू ताजे पिळलेले असेल तर मालकाचे किचनकडे लक्ष आहे असे खुशाल समजावे. चकत्यांच्या कडा सुकलेल्या असतील तर पुढची ऑर्डर जपून द्यावी. जेवणाबद्दलचे पहिले मत इथेच बनते, आणि मुख्य पदार्थाला ते सहजी पुसता येत नाही. मसाला पापड मात्र बहुतेक ठिकाणी मेनूकार्डावरचा, पैसे मोजून घ्यायचा.

चखण्याचे खरे काम वेळ मारून नेणे. त्याला केओटी, म्हणजे किचनला द्यायची ऑर्डरची चिठ्ठी, फाडावी लागत नाही. पँट्रीत वाट्या भरलेल्याच असतात, त्या दोन मिनिटांत येतात. तंदुरीला पंधरा-वीस मिनिटे लागतात, तेवढ्यात भुकेल्या माणसाची चिडचिड शेंगदाण्यांवर निघते. मिठाने तहान लागते, म्हणजे पुढचा पेग किंवा बिअर ठरलेली. उलट पोटात काही असले की दारू सावकाश चढते, त्यामुळे गिऱ्हाईक टिकून बसते. मालकाला दोन्ही सोयीचे. खर्च अर्थातच पेगच्या दरात आधीच धरलेला असतो.

पहिली वाटी न मागता येते. दुसरी मागताना नव्या गिऱ्हाइकाचा आवाज जरा खाली जातो. नेहमीच्याला ती मागावी लागत नाही, आणि त्याची टिपही मग तशीच पडते. बार्बेक्यू बुफेतले अनलिमिटेड स्टार्टर या नोंदीत बसत नाहीत. त्यांचे पैसे माणशी दरात उघड घेतलेले असतात, आणि बिर्याणीपर्यंत पोट उरत नाही हा भाग वेगळाच.

जपानमधल्या इझाकायांत, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या बारांत, अशाच पहिल्या वाटीचे, ओतोशीचे, न मागताही पैसे लागतात. आपल्याकडे तसे केले तर काउंटरवर भांडण होईल.

जेवणाच्या टेबलावरचा कांदा-लिंबू हा चखण्याचा सोवळा भाऊ. त्याची तब्येत वाशीच्या एपीएमसीतल्या कांदा-बटाटा मार्केटवर. डिसेंबर २०१९मध्ये कांदा किलोला शंभराच्या वर गेला होता. अशा दिवसांत बशीत कोबी किंवा मुळा दिसू लागतो. पनीरचे दर वाढलेले निमूट वाचणारा माणूस तेव्हा वेटरला हाक मारून विचारतो, “कांदा नाही का?”