बर्निंग मॅन वाळवंटात जन्मला नाही

‘एका माणसाने वाळवंटात लाकडी पुतळा जाळला आणि बर्निंग मॅन सुरू झाला,’ ही गोष्ट अमेरिकेतल्या या वार्षिक कला-महोत्सवाबद्दल वर्षानुवर्षं फिरते आहे. ती खरी नाही, आणि तिच्यामुळे काही मित्रांचं श्रेय हरवतं, हे मला खटकतं.

लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स यांनी 1986 च्या जूनमध्ये पहिला, जेमतेम आठ फुटी पुतळा जाळला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर. 1990 मध्ये पोलिसांनी तिथे जाळायला मनाई केली.

वाळवंटाची वाट दाखवली ती कॅकोफनी सोसायटीने. शहरात विचित्र, खोडकर कलाप्रयोग करणारी ही दोस्तमंडळी. केविन इव्हान्स आणि जॉन लॉ यांनी नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात सहल ठरवलीच होती. सुटा केलेला पुतळा ट्रकमध्ये घालून सोबत नेला. तिथे पोचल्यावर जमिनीवर एक लांब रेघ ओढली आणि सगळ्यांनी हातात हात धरून ती एकदम ओलांडली. पलीकडे वेगळं जग! मला या साऱ्या इतिहासातला हाच क्षण सर्वांत सुंदर वाटतो.

आणि हो, तिथे वाळूच्या टेकड्याही नाहीत. तो आटलेल्या प्राचीन तळ्याचा तळ आहे: भेगाळलेला, सपाट, पिठासारख्या पांढुरक्या धुळीचा.