होव्हान्निस्यान, खोरेन

(१० जानेवारी १९५५ – ). आर्मेनियाचे निवृत्त व्यावसायिक फुटबॉलपटू व प्रशिक्षक. जन्म येरेव्हान येथे. आघाडीच्या फळीच्या किंचित मागे राहून खेळ रचणारे मधल्या फळीतील खेळाडू म्हणून त्यांची ख्याती आहे. कारकिर्दीचा मुख्य भाग ‘अरारात येरेव्हान’ या क्लबकडून. सोव्हिएत संघाच्या राष्ट्रीय संघाकडून १९७९ ते १९८४ या काळात ३४ सामने व ६ गोल. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक. १९८२ च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध विजयी गोल. बहुतेक संदर्भग्रंथांत ते ‘ओगानेस्यान’ या नावाखाली सापडतात; प्रस्तुत नोंदीत मात्र आर्मेनियन रूप स्वीकारले आहे. त्याची कारणे प्रथम देणे आवश्यक आहे.

नावाचा प्रश्न : ‘होव्हान्नेस’ हे बायबलमधील योहानाचे आर्मेनियन रूप. त्याला ‘–यान’ हा कुलवाचक प्रत्यय लागून ‘होव्हान्निस्यान’ हे आडनाव होते. प्रत्यय लागताच ‘ने’चा ‘नि’ का होतो, याचे उत्तर आर्मेनियन उच्चारणात आहे. त्या भाषेत आघात सामान्यतः शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर पडतो. प्रत्यय जोडला की आघात पुढे सरकतो आणि मागे राहिलेला स्वर दुबळा होतो. मराठीत ‘वीट’चे अनेकवचन ‘विटा’ होताना पहिला स्वर ऱ्हस्व होतो, त्याच्याशी हा बदल ताडून पाहता येईल. तत्त्व अगदी एकच नसले तरी जात तीच आहे. रशियन भाषेत ‘ह’ या ध्वनीसाठी स्वतंत्र अक्षर नाही. परकी नावे लिहिताना तेथे ‘ह’ एकतर गाळतात, नाहीतर त्याच्या जागी ‘ग’ लिहितात. जर्मन कवी हाइने रशियनमध्ये ‘गेइने’ होतो तो याच रूढीने. होव्हान्निस्यान या नावात दोन्ही गोष्टी घडल्या. आरंभीचा ‘ह’ गळाला, मधल्याचा ‘ग’ झाला, शिवाय मूळ नावातील ‘ने’ तसाच राहिला, आणि ‘ओगानेस्यान’ तयार झाले. सोव्हिएत काळातील सामन्यांच्या याद्या मॉस्कोत रशियन लिपीत तयार होत व इंग्रजी, जर्मन वृत्तपत्रे त्यांवरूनच लिप्यंतर करीत. त्यामुळे जगाने हा खेळाडू रशियन उच्चाराने ओळखला.

अखेरच्या प्रत्ययाबाबतही दोन प्रथा आहेत. १९२२ मध्ये सोव्हिएत आर्मेनियात शुद्धलेखनाची सुधारणा झाली आणि जुने ‘–एआन’सारखे लेखन बदलून उच्चारानुसारी ‘–यान’ आले. परदेशांत विखुरलेल्या आर्मेनियन समाजाने ही सुधारणा मानली नाही; म्हणून बैरूत वा बोस्टन येथील आडनावे रोमन लिपीत बहुधा ‘–इआन’ने संपतात. मराठीत दोन्हींसाठी ‘–यान’ लिहिणे सोयीचे व उच्चारालाही जवळचे. ‘ओगानेस्यान’ रूपाच्या बाजूने एक युक्तिवाद होतो : खेळाडू त्याच नावाने मैदानात उतरला, तेव्हा ऐतिहासिक नोंद तीच. त्यात तथ्य आहे. पण आर्मेनिया १९९१ मध्ये स्वतंत्र झाल्यानंतर येरेव्हानमधील व्यवहार आर्मेनियन रूपातच चालतो आणि व्यक्तीचे नाव तिच्या भाषेत लिहिणे हेच अधिक उचित.

अरारातची पार्श्वभूमी : हा क्लब १९३५ मध्ये ‘स्पार्ताक येरेव्हान’ म्हणून स्थापन झाला व १९६३ मध्ये त्याला अरारात हे नाव मिळाले. अरारात पर्वत आर्मेनियनांच्या श्रद्धेचा विषय असून येरेव्हानमधून तो स्पष्ट दिसतो, पण आहे तुर्कस्तानच्या हद्दीत. सोव्हिएत राजवटीत उघड राष्ट्रभावनेला फारशी जागा नसताना या नावाच्या संघासाठी हजारोंनी एकत्र ओरडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. ह्राझ्दान नदीच्या घळईत बांधलेले, सुमारे ७० हजार प्रेक्षकांचे ह्राझ्दान मैदान १९७० च्या सुमारास तयार झाले. १९७३ मध्ये निकिता सिमोन्यान यांच्या मार्गदर्शनाखाली अरारातने सोव्हिएत साखळी व सोव्हिएत चषक अशी दोन्ही विजेतेपदे एकाच वर्षी मिळवली. मॉस्कोतील चषकाच्या अंतिम सामन्यात डायनॅमो कीव्हविरुद्ध लेव्होन इश्तोयान यांनी सामना संपता संपता बरोबरीचा गोल केला आणि जादा वेळेत विजयाचाही (२–१). १९७४–७५ च्या युरोपियन चषकात संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. बायर्न म्युनिककडून परक्या मैदानावर ०–२ असा हरल्यावर येरेव्हानमध्ये त्याने बायर्नला १–० ने नमवले. त्या वर्षीचा चषक पुढे बायर्ननेच जिंकला. त्या स्पर्धेत अरारातचे एदुआर्द मार्कारोव्ह यांनी बायर्नच्या गेर्ड म्युलरइतकेच, म्हणजे ५ गोल केले.

होव्हान्निस्यान १९७४ मध्ये या संघात आले, म्हणजे सुवर्णवर्ष नुकतेच सरले होते. १९७५ मध्ये अरारातने वोरोशिलोव्हग्रादच्या ‘झार्या’ संघाला २–१ ने हरवून सोव्हिएत चषक दुसऱ्यांदा जिंकला, तेव्हा ते संघात होते. १९७६ मध्ये सोव्हिएत साखळी वसंत व शरद अशा दोन स्वतंत्र स्पर्धांत विभागली गेली होती. त्यांपैकी वसंत स्पर्धेत अरारात दुसरा आला. त्यानंतर जुनी पिढी एकेक करून निवृत्त झाली आणि संघ वरच्या श्रेणीत टिकून राहिला तरी विजेतेपदाच्या शर्यतीत उरला नाही. याच उताराच्या वर्षांत होव्हान्निस्यान यांचा खेळ बहरला. अडचणीच्या जागेत चेंडू पायाशी ठेवून बचावपटूला चकवणे, अचूक शेवटचा पास आणि फ्री किक ही त्यांची वैशिष्ट्ये सांगितली जातात. दुबळ्या होत चाललेल्या संघात राहून राष्ट्रीय संघात जागा टिकवणे अवघड असते, ही बाब त्यांचे मूल्यमापन करताना अनेकदा सुटते.

[भारताशी संबंध : १९७८ मध्ये अरारातने कोलकात्यातील आयएफए शिल्ड स्पर्धेत भाग घेतला. मोहन बागानविरुद्धचा अंतिम सामना २–२ असा बरोबरीत सुटून दोन्ही संघ संयुक्त विजेते ठरले. कोलकात्यात आर्मेनियन व्यापाऱ्यांची वस्ती फार जुनी असून तेथील आर्मेनियन चर्च १७२४ मधील मानले जाते. मुंबईच्या फोर्ट भागातही एक आर्मेनियन चर्च आहे.]

राष्ट्रीय संघ : मॉस्को ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघ उपांत्य फेरीत पूर्व जर्मनीकडून ०–१ ने हरला. तिसऱ्या स्थानासाठी यूगोस्लाव्हियाविरुद्ध झालेला सामना त्याने २–० ने जिंकला. पहिला गोल होव्हान्निस्यान यांचा, दुसरा सेर्गेई आंद्रेयेव्ह यांचा. ऑलिंपिकमधील सामने पूर्ण आंतरराष्ट्रीय मानावेत की नाहीत याविषयी संकलकांत एकमत नाही. वर दिलेला ३४ हा आकडा ते न धरता काढलेला समजावा.

१९८२ मध्ये स्पेनला गेलेला संघ तीन फुटबॉल-घराण्यांची मोट होता : कीव्ह (युक्रेन), त्बिलिसी (जॉर्जिया) आणि मॉस्को. मुख्य प्रशिक्षक कोन्स्तान्तिन बेस्कोव्ह मॉस्कोचे, तर सोबतीला कीव्हचे वालेरी लोबानोव्हस्की व त्बिलिसीचे नोदार आखालकात्सी. येरेव्हानमधून निवडलेले होव्हान्निस्यान एकटेच. पहिल्या फेरीत ब्राझीलकडून १–२ असा पराभव, न्यूझीलंडवर ३–० असा विजय व स्कॉटलंडशी २–२ अशी बरोबरी झाली. दुसऱ्या फेरीत तीन-तीन संघांचे गट होते आणि प्रत्येक गटातून एकच संघ उपांत्य फेरीत जाणार होता. पोलंड, बेल्जियम व सोव्हिएत संघ यांचा गट बार्सिलोनाच्या काम्प नोऊ मैदानावर खेळला.

२८ जूनला पोलंडने बेल्जियमला ३–० ने हरवले होते. १ जुलैला सोव्हिएत संघ बेल्जियमविरुद्ध उतरला आणि मध्यंतरानंतर तीन-चार मिनिटांतच होव्हान्निस्यान यांनी सामन्यातील एकमेव गोल केला. ४ जुलैला पोलंडशी ०–० अशी बरोबरी झाली. दोघांचे गुण समान, पण गोलफरक पोलंडचा +३ व सोव्हिएत संघाचा +१. सोव्हिएत संघ घरी परतला. या गोलाकडे पुढे काही वेळा ‘अपुरा गोल’ म्हणून पाहिले गेले आणि बेल्जियमविरुद्ध संघाने आणखी एक गोल का केला नाही, अशी टीका झाली. ही टीका हिशोबाला टिकत नाही. सामना २–० ने जिंकला असता तरी गोलफरक +२ च राहिला असता. ३–० ने जिंकूनही पोलंडशी केवळ बरोबरी साधली असती. पोलंडने पहिल्या सामन्यात उभी केलेली भिंत ओलांडायला बेल्जियमविरुद्ध चार गोल हवे होते किंवा अखेरच्या सामन्यात पोलंडवर विजय. १ जुलैच्या गोलामुळे अखेरच्या सामन्यापूर्वी संघ गुणांत पोलंडच्या बरोबरीला आला, एवढे श्रेय निःसंशय द्यावे लागते.

गोल कोणाच्या खात्यावर : फिफा सोव्हिएत संघाचे सारे निकाल रशियाच्या खात्यात जमा करते. राज्यशास्त्रातील उत्तराधिकाराचा नियम म्हणून ते समजण्यासारखे आहे. सोव्हिएत संघाची संयुक्त राष्ट्रांतील जागाही रशियाकडेच गेली. पण फुटबॉलच्या इतिहासासाठी हा नियम फसवा आहे. स्पेनमध्ये सोव्हिएत संघाने एकूण ७ गोल केले आणि ते सात वेगवेगळ्या खेळाडूंनी केले. बाल, ब्लोखिन व बाल्ताचा हे डायनॅमो कीव्हचे, चिवाद्झे व शेंगेलिया हे दिनामो त्बिलिसीचे, होव्हान्निस्यान अरारातचे, रशियातील क्लबकडून खेळणारे एकटे गाव्रिलोव्ह, स्पार्ताक मॉस्कोचे. सातांतील सहा गोल आज स्वतंत्र असलेल्या इतर देशांच्या क्लबांतून आलेल्या खेळाडूंचे असताना कोष्टकात सातही रशियासमोर दिसतात. आर्मेनियाचा स्वतंत्र संघ विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेला अद्याप पात्र ठरलेला नाही. त्यामुळे अधिकृत कोष्टकात आर्मेनियापुढे शून्य आहे. कोष्टक बदलणे शक्य नसले तरी त्याखाली टीप देणे शक्य आहे, आणि ती दिली जावी.

उत्तरकाल : अरारात सोडल्यानंतर ते स्मोलेन्स्कच्या ‘इस्क्रा’ (ठिणगी) व ताश्कंदच्या ‘पाख्ताकोर’ (कापूस पिकवणारा) या संघांकडून खेळले. पाख्ताकोरचा जवळजवळ सारा संघ ऑगस्ट १९७९ मधील विमान अपघातात मरण पावला होता व तो क्लब नव्याने उभा करावा लागला होता.

स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षे आर्मेनियात युद्धाची, नाकेबंदीची व विजेविना काढलेल्या हिवाळ्यांची होती. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या ‘होमेनेत्मेन’ या क्लबशी होव्हान्निस्यान जोडले गेले. १९९५ मध्ये त्याचे नाव ‘प्युनिक’, म्हणजे फिनिक्स पक्षी, असे झाले. १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यांच्याच देखरेखीखाली या क्लबने आर्मेनियन साखळी जिंकली. पुढे तो देशातील सर्वांत यशस्वी क्लब झाला.

१९९६–९७ मध्ये ते आर्मेनियाच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते. १९९८ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत त्यांच्या गटात जर्मनी, युक्रेन, पोर्तुगाल, उत्तर आयर्लंड व अल्बेनिया होते. आर्मेनियाने येरेव्हानमध्ये पोर्तुगालला ०–० ने रोखले, युक्रेनशी त्यांच्याच मैदानावर १–१ अशी बरोबरी केली व अल्बेनियाला ३–० ने हरवले. जर्मनीकडून मात्र १–५ व ०–४ असे मोठे पराभव पत्करले. दहा सामन्यांत १ विजय, ५ बरोबरी व ४ पराभव. सहा संघांत चौथे स्थान. पहिला आंतरराष्ट्रीय सामना ऑक्टोबर १९९२ मध्ये खेळलेल्या देशासाठी ही कामगिरी कमी लेखू नये.

युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त २००३ मध्ये प्रत्येक सदस्य महासंघाला आधीच्या पन्नास वर्षांतील आपला सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडायला सांगण्यात आले. आर्मेनियाच्या महासंघाने होव्हान्निस्यान यांची निवड केली. त्या यादीत त्यांच्या नावापुढे देश म्हणून आर्मेनिया आहे. नाव मात्र ‘ओगानेस्यान’ असे छापले आहे.