हातसंगणकावरील वेब

तळहातावर मावणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या संगणकावर वेबची पाने वाचण्याची पद्धत. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ती अमेरिकेत रुजली. विदर्भातल्या खेड्यांत असे संगणक क्वचितच पोचले. त्यांच्यासाठी शोधलेल्या युक्त्या मात्र पुढे साध्या फोनमधून इथे आल्या.

१९९६ च्या पाम पायलट या हातसंगणकाचा पडदा १६० बाय १६० ठिपक्यांचा होता आणि सर्वांत स्वस्त यंत्राची मेमरी १२८ केबी (किलोबाइट). टेबलावरच्या संगणकासाठी रचलेले पान त्यात मावणे शक्यच नव्हते. एक उपाय म्हणजे पान आधीच भरून ठेवणे. यंत्र घरच्या संगणकाला जोडले की अव्हँटगो ही सेवा त्यात बातम्यांची छाटलेली पाने उतरवी, मग ती जोडणीशिवाय कुठेही वाचावीत. यवतमाळ-वाशीमकडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. तालुक्याच्या मोबाईल दुकानातून मेमरी कार्ड भरून आणायचे आणि वावरात गाणी ऐकायची, हा त्याच जातीचा व्यवहार. १९९९ च्या पाम सेव्हनला बिनतारी जोडणी होती, पण दरमहा सुमारे १० डॉलरमध्ये ५० केबीच मिळत. म्हणून अख्खे पान न मागवता त्यातला हवा तेवढा तुकडाच आणला जाई.

खेड्याचा विचार करून घडवलेले यंत्र म्हणजे सिंप्युटर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर ही कंपनी यांनी ते २००१ मध्ये पुढे आणले. गावाने मिळून एकच यंत्र वापरायचे, प्रत्येकाचे स्मार्टकार्ड वेगळे, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला यंत्राने भारतीय भाषेत वाचून दाखवायचे. २००४ मध्ये ते विक्रीला आले. खप अपेक्षेपेक्षा फारच कमी झाला. तरी पारावर बसलेल्या चौघांना एका यंत्राने बाजारभाव ऐकवावा, ही कल्पना या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची आहे.

विदर्भातल्या गावांत बहुतेकांच्या हाती वेब आले ते बटणांच्या फोनवर, जीपीआरएस या मोबाईलवरच्या संथ इंटरनेट सोयीने. भारनियमनामुळे लाईन असेल तेव्हा चार्जिंग करून घ्यावे लागे, आणि पैसे केबीच्या हिशेबाने कापले जात. २००६ साली जगभर खुला झालेला ऑपेरा मिनी हा फोनवरचा ब्राउझर इथे उपयोगी पडला. तो पान आधी आपल्या सर्व्हरवर दाबून लहान करी आणि मग फोनकडे पाठवी. छाटून पाठवण्याची जुनी युक्तीच ती.

अडचण उरली लिपीची. बऱ्याच फोनांत देवनागरी नसे, त्यामुळे मराठी पानावर नुसते चौकोनी डबे दिसत. ऑपेरा मिनीच्या सेटिंगमध्ये क्लिष्ट लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्टचा पर्याय होता. तो चालू केला की सर्व्हर अक्षरांची चित्रे करून पाठवी. डेटा जास्त लागे, बॅलन्स लवकर उतरे; पण ‘पऱ्हाटी’तला ऱ्ह आणि ‘कृषी’तला कृ त्या दीड-दोन इंचाच्या पडद्यावर नीट जुळून दिसत.