मोठ्या संरचनेचे तुकडे पाडणं (मॉडेल थिअरी)

मोठी सांत संरचना, म्हणजे हजारो बिंदू आणि त्यांच्यातली नाती, लहान तुकड्यांत फोडायची, प्रत्येक तुकड्यात तर्काच्या भाषेतली कुठली विधानं खरी ठरतात ते बघायचं आणि त्यावरून अख्ख्या संरचनेचं उत्तर काढायचं, अशी ही मॉडेल थिअरीतली, म्हणजे तर्काची विधानं कुठल्या संरचनेत खरी ठरतात ते पाहणाऱ्या शाखेतली, पद्धत. खरी मेख जोडावर आहे: तुकडा परत चिकटवताना त्याच्याबद्दल नक्की काय लक्षात ठेवावं लागतं?

मुंबई लोकलचा नकाशा घ्या. तीन रंगांत सगळी स्टेशनं अशी रंगवायची की लागून असलेल्या दोघांना सारखा रंग यायला नको. कसारा लाईन बाकीच्या नकाशाला फक्त कल्याणला चिकटलेली, त्यामुळे टिटवाळा, आसनगावकडे काय चाललंय ते बाहेर सांगायची गरजच नाही, तो भाग रंगवता येतो की नाही एवढं एक उत्तर पुरतं, कारण कल्याणचा रंग जुळला नाही तर त्या बाजूच्या रंगांची आपसांत अदलाबदल करून टाकायची. पण सीएसएमटीहून निघालेली मेन लाईन आणि हार्बर कुर्ल्याला परत भेटतात, तिथं वेटोळं होतं आणि एका स्टेशनवर कापून भागत नाही. दोन स्टेशनांवर कापलं की प्रत्येक तुकड्याला दोन प्रश्न: टोकाच्या दोघांना सारखा रंग चालतो का, आणि वेगळा चालतो का? आत दहा स्टेशनं असोत की दहा हजार, प्रश्न दोनच. मला तरी या विषयातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं.

सॉलोमन फेफरमन आणि रॉबर्ट वॉट यांनी १९५९ मध्ये हाच विचार संरचनांच्या गुणाकारासाठी, म्हणजे अनेक संरचनांमधून एक मोठी संरचना बनवण्याच्या रीतीसाठी, सिद्ध केला. विधानात क्वांटिफायर ('प्रत्येक बिंदूसाठी', 'असा एखादा बिंदू आहे' असे शब्द) एकात एक किती खोल जातील त्याला मर्यादा घातली की तुकड्यांचे प्रकार मोजकेच उरतात, सगळा जोर त्यावर.

जोड किती रुंद आहे ते ट्रीविड्थने मोजतात: ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा) झाडासारख्या मांडलेल्या पिशव्यांत भरायचा, रेघेची दोन्ही टोकं कुठल्यातरी एका पिशवीत हवीत, एकाच बिंदूच्या पिशव्या सलग हव्यात, आणि सगळ्यात मोठ्या पिशवीतल्या बिंदूंतून १ वजा, असं सगळ्यात कमी जमेल ती ट्रीविड्थ. झाडाची (वेटोळं नसलेल्या ग्राफची) १, वेटोळ्याची २, पण १०० बाय १०० च्या जाळीची थेट १००. ब्रुनो कूर्सेलचं १९९० चं प्रमेय म्हणतं की ट्रीविड्थ मर्यादित असेल तर मोनॅडिक सेकंड-ऑर्डर भाषेत, म्हणजे सुट्या बिंदूंबरोबर बिंदूंच्या गटांबद्दलही 'प्रत्येक', 'एखादा' म्हणता येतं अशा भाषेत, लिहिता येणारा कुठलाही गुणधर्म रेषीय वेळात (ग्राफच्या आकाराच्या प्रमाणात) तपासता येतो. तीन रंगांचा प्रश्न, जो एरवी एनपी-कम्प्लीट आहे (म्हणजे तो झटपट सोडवायची रीत कुणाला माहीत नाही), तोही त्यात आला. मात्र त्या वेळेतला स्थिरांक विधानाबरोबर भयानक फुगतो, म्हणून प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिणारे बहुतेकदा आपल्या प्रश्नापुरता हिशेब हातानेच मांडतात.

फर्स्ट-ऑर्डर विधानांना (जी फक्त सुट्या बिंदूंबद्दलच 'प्रत्येक', 'एखादा' म्हणतात) तर झाडही लागत नाही, हाईम गाइफमनने १९८२ मध्ये दाखवलं की अशी विधानं शेवटी एकमेकांपासून लांब असलेल्या बिंदूंच्या आसपासच्या छोट्या परिसरांबद्दलच बोलतात.